विश्लेषण : वळीव, गारपीट आणि मेमधला पूर... हवामानाचा इशारा नेमका वाचायचा कसा?

मार्च उजाडला की मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश येऊ लागतात. एक उष्णतेचा आणि दुसरा मेघगर्जनेसह वादळी पावसाचा. ‘जिल्ह्याला यलो अलर्ट’ असा मथळा झळकतो, दिवसभर ऊन तापते, पाऊस काही येत नाही आणि संध्याकाळी ‘अंदाज पुन्हा चुकला’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात. त्याच संध्याकाळी शेजारच्या तालुक्यात मात्र गारांनी द्राक्षबाग झोडपलेली असते किंवा झाडाखाली थांबलेल्या एखाद्याचा विजेने बळी गेलेला असतो. मार्च ते मे या तीन महिन्यांतील वादळे छोटी, अचानक येणारी आणि तासाभरात संपणारी असतात. त्यांचा इशारा पावसाळ्यातील इशाऱ्यासारखा वाचून चालत नाही. तो कसा तयार होतो, त्यातील रंगांचा आणि शब्दांचा अर्थ काय आणि तो मिळाल्यावर हाती किती वेळ उरतो, याचा हा आढावा.

वळीव आणि अवकाळी यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण शेतकऱ्याच्या लेखी ते वेगळे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापल्यानंतर दुपारी किंवा संध्याकाळी गडगडाटासह येणारा तो वळीव. तो अपेक्षित असतो. खरिपाच्या मशागतीला, विहिरींना आणि तापलेल्या जमिनीला तो हवासा वाटतो. अवकाळी म्हणजे ज्या काळात पाऊस नको असतो, त्या काळात आलेला पाऊस. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, ज्वारी काढणीला आलेली असते. नाशिक, सांगलीत द्राक्षे वेलीवर असतात, तासगाव परिसरात बेदाणा रॅकवर सुकत असतो, हिंगोली-वसमतकडे शिजवलेली हळद उन्हात पसरलेली असते. पुढे उन्हाळी कांदा शेतात काढून ठेवलेला असतो आणि कोकणात हापूस उतरवला जात असतो. अशा वेळी पंधरा मिनिटांचा पाऊसही वर्षभराची कमाई धुऊन नेतो.

सरकारी भाषेत १ मार्च ते ३१ मे हा ‘पूर्वमोसमी’ हंगाम. या काळात राज्यात पडणारा पाऊस एकूण वार्षिक पावसाच्या तुलनेत नगण्य असतो. म्हणून तो आकडेवारीत दुर्लक्षित राहतो, नुकसान मात्र मोठे करतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात वारंवार झालेली गारपीट अनेकांच्या आठवणीत आहे. काही ठिकाणी शेतात गारांचा पांढरा थर साचला होता. रब्बीची पिके, फळबागा आणि जनावरे यांचे अतोनात नुकसान झाले होते.

ही वादळे तयार कशी होतात?

वादळासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. जमिनीलगतची हवा उष्ण आणि दमट हवी, वरच्या थरातील हवा थंड हवी आणि खालची हवा वर ढकलणारे काही तरी कारण हवे. उन्हाळ्यात जमीन तापलेली असतेच. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे बाष्प आणतात. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात मुख्यत: उत्तर भारतावरून जातात, पण त्यांच्या प्रभावाने मध्य भारतावरील वरच्या थरात थंड हवा येऊ शकते.

हवामान विभागाच्या पत्रकात या दिवसांत ‘विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा पट्टा’ किंवा ‘वाऱ्यांची खंडितता’ असे शब्द वारंवार दिसतात. त्याचा साधा अर्थ असा की, दोन वेगळ्या दिशांचे, वेगळ्या स्वभावाचे वारे या पट्ट्यात एकमेकांना भिडतात. तेथे हवा वर चढते आणि ढग उभे राहू लागतात. पावसाळ्यातील ढग आडवे पसरतात. वळिवाचा ढग मात्र उभा वाढतो. त्याचा माथा १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत जाऊ शकतो आणि तरीही जमिनीवर त्याचा विस्तार जेमतेम काही किलोमीटर असतो.

याच ढगातून पाऊस कोसळताना त्याच्यासोबत थंड, जड हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंनी पसरते. पाऊस येण्याआधी सुटणारा गार वारा आणि उडणारी धूळ हा याचाच परिणाम. झाडे, पत्रे, फलक आणि विजेचे खांब बहुतेक वेळा या वाऱ्यानेच पडतात, पावसाने नव्हे.

गारा मे महिन्यापेक्षा मार्चमध्ये अधिक का?

उंच ढगात वरच्या भागात तापमान शून्याखाली असते. तेथे पाण्याचे थेंब गोठतात, वर चढणाऱ्या हवेच्या झोतात पुन्हा पुन्हा उचलले जातात आणि त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. वजन पेलवेनासे झाले की गार खाली पडते. ती जमिनीवर गार म्हणून पोहोचते की थेंब म्हणून, हे वाटेत तिला किती उष्ण हवेतून यावे लागते यावर ठरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी तुलनेने खाली असते. मेपर्यंत ती वर सरकते आणि अनेक गारा वाटेतच वितळतात. म्हणूनच महाराष्ट्रात गारपिटीचा मोठा धोका फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, नेमका पिके काढणीला आलेली असताना असतो.

किती दिवस आधी काय सांगता येते?

हवामानाचा अंदाज ही एकच गोष्ट नाही, त्याचे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याचे काम वेगळे आहे आणि गल्लत येथेच होते.

पहिला टप्पा हंगामी अंदाजाचा. उन्हाळा किती कडक असेल, पाऊस सरासरीपेक्षा कमी की अधिक, हे त्यात मोठ्या प्रदेशासाठी आणि शक्यतेच्या भाषेत सांगितले जाते. १७ एप्रिलला आपल्या गावात गारा पडतील का, हे त्यातून कळत नाही. कोणी तसे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा टप्पा विस्तारित अंदाजाचा. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा कल जाहीर करतो. येणारा आठवडा कोरडा आहे की ओला, एवढे त्यातून समजते. काढणी पुढे ढकलावी की उरकून घ्यावी, मजूर कधी सांगावेत, याचा विचार सुरू करण्यासाठी तो उपयोगी पडतो.

तिसरा टप्पा जिल्हानिहाय इशाऱ्याचा. पुढील पाच ते सात दिवसांत कोणत्या जिल्ह्यात मेघगर्जना, गारपीट, जोरदार वारे किंवा मुसळधार पावसाची शक्यता आहे, हे त्यात रंगांसह येते. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यासाठी मुंबईचे, तर विदर्भासाठी नागपूरचे प्रादेशिक केंद्र हे इशारे देते. वादळाला पोषक स्थिती कुठे आहे, हे या टप्प्यावर बऱ्यापैकी कळते. ढग नेमका कोणत्या तालुक्यावर उभा राहील, हे मात्र कळत नाही.

चौथा टप्पा ‘नाऊकास्ट’चा, म्हणजे पुढील तीन तासांच्या इशाऱ्याचा. रडार, उपग्रह आणि विजांची नोंद करणारी यंत्रणा यांवर तयार झालेला ढग दिसू लागल्यानंतरच तो दिला जातो. ढग कोठे आहे, कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे तेव्हा प्रत्यक्ष दिसत असते. वळिवाच्या बाबतीत सर्वात नेमका इशारा हाच आणि सर्वात कमी वाचला जाणाराही हाच. आदल्या दिवशीचा यलो अलर्ट सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो, दुपारी अडीच वाजता आलेला तीन तासांचा इशारा मात्र संध्याकाळी उघडून पाहिला जातो.

चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. ते शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि समुद्रावर काही दिवस प्रवास करते. त्यामुळे त्याचा इशारा चार-पाच दिवस आधी देता येतो. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळाचा इशाराही काही दिवस आधी मिळाला होता. तरीही मुंबईजवळच्या समुद्रात थांबलेला ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला आणि ६०हून अधिक जणांचे प्राण गेले. वेळ हाती असूनही इशाऱ्याचे निर्णयात रूपांतर झाले नाही की काय होते, याचे हे उदाहरण आहे. वळिवात तर वेळही हाती नसतो.

यलो, ऑरेंज आणि रेड म्हणजे नेमके काय?

हवामान विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे विशेष कृतीची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, पुढील इशारे पाहत राहा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. हे रंग केवळ पावसाच्या मिलिमीटरवरून ठरत नाहीत. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास परिणाम किती गंभीर, या दोन्हींचा विचार करून रंग दिला जातो. त्यामुळे यलो म्हणजे ‘थोडा पाऊस’ हा समज चुकीचा आहे. यलो अलर्टच्या दिवशीही वीज पडते आणि ती तितकीच प्राणघातक असते.

इशाऱ्यातील शब्दांनाही ठरलेली मापे आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत मोजले जातात. म्हणजे सोमवारी सकाळी जाहीर होणारा आकडा हा मुख्यत: रविवारच्या पावसाचा असतो. वादळी वाऱ्याचेही टप्पे आहेत. ताशी ४० किलोमीटरपर्यंत हलके वादळ, त्यापुढे ६१पर्यंत मध्यम, ६२ ते ८७ तीव्र आणि त्याहून अधिक म्हणजे अतितीव्र.

हे आकडे लक्षात ठेवण्याचे कारण असे की, वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ४०वरून ८० किलोमीटर झाला तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ‘मागच्या वादळात टिकले, म्हणजे याही वेळी टिकेल’ हा हिशेब त्यामुळेच फसतो.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती ठिकाणी?

अंदाज चुकल्याची निम्मी तक्रार या एका शब्दाशी जोडलेली आहे. पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्या प्रदेशातील सुमारे २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर तो प्रकार घडण्याची अपेक्षा असते. त्यापुढे ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक.

आता हिशेब करू. जिल्ह्यात ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ असा इशारा आहे. चारपैकी तीन भाग कोरडे राहिले आणि एका भागात गारा पडल्या, तरी तो अंदाज बरोबर ठरतो. कोरड्या राहिलेल्या गावांना तो चुकला असे वाटते, गारा पडलेल्या गावाला मात्र ‘एवढे मोघम सांगितले कशाला’ असे वाटते. दोघांच्या भावना खऱ्या आहेत, पण इशारा दोघांसाठी एकच होता. वळिवाच्या दिवसांत जिल्ह्यावर दिलेला इशारा ही गावाबद्दलची भविष्यवाणी नसते. आज दुपारी आकाशाकडे आणि पुढच्या संदेशाकडे लक्ष ठेवायचे आहे, एवढे ती सांगत असते.

भर उन्हाळ्यात पूर कसा येतो?

मेमध्ये धरणे तळाला गेलेली असतात, नद्या कोरड्या असतात. त्यामुळे पावसाळ्यासारखे मोठ्या नद्यांचे महापूर या काळात सहसा येत नाहीत. धोका असतो तो ओढे, नाले, भुयारी मार्ग आणि सखल वस्त्यांना. कमी वेळात पडणारा पाऊस वाहून जायला वाट मिळाली नाही की पाणी चढते. एक हेक्टर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १० लाख लिटर होते. शेतात त्यातील काही मुरते. काँक्रीटच्या रस्त्यावर ते सगळे नाल्याकडे धावते आणि तेथे उन्हाळाभर साचलेला गाळ, कचरा वाट अडवून बसलेला असतो.

मे २०२५ने हे दाखवून दिले. केरळात मोसमी पाऊस १ जून या सर्वसाधारण तारखेच्या आठ दिवस आधी, २४ मे रोजी पोहोचला. मुंबईत तो २६ मे रोजी दाखल झाला. तेथील सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून मुंबईतील हे सर्वात लवकरचे आगमन ठरले. कुलाबा केंद्रावरील मे महिन्याच्या पावसाचा १९१८चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. मुंबईत त्याच महिन्यात सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. एरवी टँकरची चर्चा असणाऱ्या बारामती, इंदापूर, दौंड पट्ट्यात अतिवृष्टी झाली, नीरा डावा कालवा फुटला, घरांत पाणी शिरले. देशपातळीवरही तो १९०१पासूनचा सर्वाधिक पावसाचा मे महिना ठरला.

एखाद्या ठिकाणी असा जोरदार पाऊस झाला की लगेच ‘ढगफुटी’ म्हटले जाते. हवामानशास्त्रात साधारण २०-३० चौरस किलोमीटर क्षेत्रात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच ती ढगफुटी. उन्हाळ्यातील बहुतेक तुंबई त्याहून कितीतरी कमी पावसात होते. म्हणजेच दोष आभाळाइतकाच गटारांचाही असतो.

मग तयारी कुठे कमी पडते?

आपली बहुतेक मान्सूनपूर्व कामे कॅलेंडरला बांधलेली आहेत. नालेसफाई ३१ मेपर्यंत, झाडांच्या धोकादायक फांद्यांची छाटणी जूनच्या आधी, धोकादायक इमारतींना नोटिसा मेमध्ये. मृग नक्षत्राच्या तोंडावर, ७ जूनच्या आसपास पाऊस येणार हे गृहीत धरून ही घडी बसली आहे. मात्र झाडे आणि फलक पाडणारी वादळे एप्रिल-मेमध्येच येतात. म्हणजे झाडाची छाटणी ज्या वादळासाठी करायची, ते वादळ अनेकदा छाटणीच्या आधी येऊन जाते.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळला. १७ जणांचा मृत्यू झाला. महापालिकेच्या नियमानुसार जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांच्या फलकाला परवानगी असताना हा फलक १२० बाय १२० फुटांचा होता. म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. वाऱ्याला अडवणारी भिंतच नऊपट मोठी असल्यावर तीन तास आधीचा कोणताही इशारा खाली उभ्या असलेल्यांना वाचवू शकत नव्हता. ते काम तीन महिने आधी, परवानगीच्या टेबलावर व्हायला हवे होते.

त्याआधी ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराच्या आवारातील जुने कडुनिंबाचे झाड पत्र्याच्या शेडवर कोसळले. पावसापासून बचावासाठी शेडखाली थांबलेल्या सात भाविकांचा मृत्यू झाला. वादळात आपण ज्याला आसरा समजतो तोच धोका ठरू शकतो, हे या घटनेने दाखवले.

सर्वाधिक बळी कशाने जातात?

विजेने. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. नैसर्गिक आपत्तींमुळे झालेल्या त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक आहे. एका वेळी एक-दोन माणसे दगावतात, म्हणून ही आपत्ती मोठ्या बातमीत दिसत नाही. बळी जाणाऱ्यांत शेतात काम करणारे, गुरे राखणारे आणि पाऊस आला म्हणून झाडाखाली गेलेले लोक मोठ्या संख्येने असतात.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आपल्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची माहिती देते. पण अॅप नसले तरी एक साधे मोजमाप कुणालाही करता येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर कापतो. अंतर ३० सेकंद किंवा त्याहून कमी असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम थांबवून पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या चारचाकीत जायचे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर किमान ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही. बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, गोठा, मचाण किंवा एकटे झाड हा आसरा नव्हे.

मोबाइल खिशात असल्याने वीज आकर्षित होते, हा गैरसमज आहे. चार्जिंगला लावलेला फोन आणि वायर असलेली उपकरणे मात्र वादळात हाताळू नयेत. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युतप्रवाह उरत नाही. त्याला हात लावणे सुरक्षित असते. श्वास थांबला असेल तर तातडीने छाती दाबून प्रथमोपचार सुरू करणे आणि रुग्णवाहिका बोलावणे, यानेच जीव वाचू शकतो.

अंदाज अधिक नेमका होतो आहे का?

होतो आहे, पण मर्यादा आहेत. मे २०२५मध्ये ‘भारत फोरकास्टिंग सिस्टीम’ ही सहा किलोमीटर अंतराच्या चौकटींवर चालणारी प्रणाली कार्यान्वित झाली. पूर्वीची चौकट १२ किलोमीटरची होती. ती पुण्यात विकसित झाली असून ‘अर्का’ या महासंगणकाच्या क्षमतेवर उभी आहे. पण वळिवाचा ढग कधी कधी या चौकटीपेक्षाही लहान असतो. त्यामुळे तो पकडण्यासाठी रडार लागते.

मुंबई, नागपूर आणि पणजी येथे डॉप्लर रडार आहेत. मात्र रडारपासून जसजसे दूर जावे, तसतशी पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याची शलाका जमिनीपासून उंच जाते आणि ढगाच्या खालच्या भागात काय चालले आहे ते दिसत नाही. सह्याद्रीची रांगही आडवी येते. दूरच्या तालुक्यांना मिळणारा तीन तासांचा इशारा त्यामुळे शहराइतका धारदार नसतो. सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन मौसम’मध्ये रडारांचे जाळे वाढवण्यावर भर आहे, तो याच कारणासाठी.

तापमानवाढीचा याच्याशी संबंध आहे का? हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. अरबी समुद्रही तापतो आहे. त्यामुळे कमी वेळात जास्त पाऊस पडण्याची शक्यता वाढते. मात्र एखाद्या विशिष्ट गारपिटीचे खापर थेट हवामान बदलावर फोडणे शास्त्राला धरून होत नाही.

इशारा मिळाल्यावर करायचे काय?

आठवडाभर आधी ओला कल दिसत असेल, तर काढणीला आलेले पीक आणि मजुरांचे नियोजन पाहावे. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होतो. ‘मेघदूत’ अॅपवर तो मराठीत मिळतो. सोसायट्यांनी गच्चीवरील सैल पत्रे, कुंड्या आणि वाकलेल्या फांद्या यांचा निकाल याच टप्प्यावर लावावा.

आदल्या दिवशी यलो किंवा ऑरेंज इशारा असेल, तर काढलेला कांदा, हळद, बेदाणा झाकण्याची ताडपत्री हाताशी ठेवावी. दुपारी तीननंतरची शेतातील कामे शक्य तर सकाळी उरकावीत. लग्नाचा मांडव, जत्रेतील पाळणा, सभेचे व्यासपीठ यांच्या आयोजकांनी गर्दी कुठे हलवायची ते आधीच ठरवून ठेवावे. शाळेची सुट्टी किंवा कार्यक्रम रद्द करणे हा निर्णय प्रशासनाचा असतो, रंगाचा इशारा म्हणजे आदेश नव्हे.

तीन तासांचा इशारा आला, तर मात्र थांबायचे. हवामान विभागाचे ‘मौसम’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ या अॅपवर आपला जिल्हा निवडून सूचना सुरू ठेवल्या, तर हा इशारा थेट मिळतो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रावर तारीख आणि वेळ नसेल, तर ते पुढे पाठवू नये. कालचा लाल नकाशा आज फिरवल्याने घबराट वाढते आणि उद्याच्या खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास कमी होतो.

पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये. वाहते पाणी जेमतेम १५ सेंटिमीटर असले तरी माणसाचा तोल जाऊ शकतो आणि ३० सेंटिमीटर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते. रात्री भुयारी मार्ग आणि ओढ्यावरचे पूल टाळावेत.

नुकसान झाल्यास पीक, घर किंवा जनावरांचे छायाचित्र तारखेसह काढून तलाठ्याकडे तातडीने कळवावे. आपत्ती मदतीच्या निकषांत गारपिटीचा समावेश असून, पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्याचे पंचनाम्यात दिसले तरच मदत मिळते. पंचनामा होण्यापूर्वी शेत साफ केले, तर नुकसान सिद्ध करणे अवघड जाते.